पाहुणे हलत नाहीत

"तुझं ते मशीन गाढव आहे, ताई. 'येतो' म्हटलं की पाहुणा खरंच जवळ येतो," बारक्या म्हणाला आणि त्याने माउस आपटला.

"मशीन माझं. आणि पाहुणे कुणाचे?"

पाहुणे बारक्याचे होते. बहीणभावांनी मिळून बनवलेला गेम तसा साधा. तुम्ही यजमान. दिवे लागायच्या आत घरातले सगळे पाहुणे वाटेला लावायचे, पण कुणालाही तोंडाने 'निघा' म्हणायचं नाही. जांभई द्यायची, कप उचलायचे, पंखा बंद करायचा, घड्याळाकडे बघून सुस्कारा सोडायचा. शेवटचा पाहुणा गेला की जिंकलात. पाहुण्यांचे चेहरे, पोटं, खोकले सगळं बारक्याने घडवलं होतं. शाळा सोडल्यापासून त्याने दुसरं काही केलंच नव्हतं. त्यांचं बोलणं-वागणं ताईने एआयवर सोपवलं होतं, आणि तिथेच सगळं बोंबललं. यजमानाने जांभई दिली की पाहुणा म्हणायचा, "बरं, येतो आता." मग उठायचा, खुर्ची उचलायचा आणि यजमानाला आणखी चिकटून बसायचा. एकजात सगळे. आता गुडघ्याला गुडघे लागले होते आणि मधोमध यजमान नुसता डोळे मिचकावत होता.

गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीची बाई दुपारी बघायला येणार होती.

"तोवर हे उठले नाहीत तर मी पाहुणेच काढून टाकणार," ताई म्हणाली. "मांजरं घालू. मांजर हाकललं की जातं."

बारक्याचं डोकं सटकलं. "माझ्या पाहुण्यांना हात लावायचा नाही. त्यांना 'जातो' म्हणायला लाव."

"निघताना 'जातो' कोण म्हणतं?"

"कुणी नाही. पण मशीनला तरी कळेल."

ताईने शब्द बदलला. पहिला पाहुणा खणखणीत आवाजात "जातो" म्हणाला आणि यजमानाच्या मांडीवर बसला.

"असं अभद्र बोलू नये," सोफ्यावरून काका म्हणाला. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. दोन दिवसांसाठी आला होता. आला तेव्हा स्वेटर घालून आला होता, आता त्याला पंखा पाचवर लागत होता.

ताई स्क्रीनकडे बघत राहिली. "म्हणजे शब्दाचा घोळ नाहीच. माणूस निघतो कसा, हेच याला माहीत नाही. शिकवायला तू कसले व्हिडिओ दिले होतेस?"

"निरोपाचे. आपल्याच हॉलमधले. रोज एक काढायचो."

"आपल्याकडे रोज कोण निरोप घेतं?"

दोघांनी हळूच सोफ्याकडे पाहिलं.

रोज जेवण झालं की काका म्हणायचा, "चला, येतो आता." मग उशी सारखी करायचा आणि टीव्हीजवळ सरकायचा. आई जांभया देऊन दमली होती. बाबांनी पंखा बंद करून स्वतःच घामाघूम होऊन पाहिलं होतं. मशीन गाढव नव्हतं. अभ्यास चोख केला होता त्याने.

"त्याला जे घालू ते गिळतं ते," ताई म्हणाली. "काय घालतोय ते आपण बघायचं असतं." तिने सगळे व्हिडिओ पुसले. "आता एक तरी खरा जाणारा माणूस आण."

बारक्या सोफ्यासमोर जाऊन उभा राहिला. "काका, गेमसाठी एक काम आहे. निघ."

"म्हणजे?"

"निघ म्हणजे निघ. बॅग घे, चपला घाल, दाराबाहेर जा. मी शूट करतो."

काकाने आधी केस विंचरले. मग चादरीची घडी केली, बाथरूममधून ब्रश आणला, भिंतीतला चार्जर उपटला, बॅगेची चेन ओढली. कुणाकडे न बघता चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.

"एका टेकमध्ये," ताई म्हणाली. "काय काम केलंय काकाने."

व्हिडिओ मशीनला दिला. यजमानाने जांभई दिली. पहिल्या पाहुण्याने कप ठेवला, चपला घातल्या, गेला. मागोमाग दुसरा, तिसरा. घर रिकामं झालं आणि यजमानाने पाय पसरले. बारक्याने ताईला टाळी दिली आणि दार उघडलं.

काका जिन्यात उभा होता. बॅग खांद्यावर.

"झालं काका. ये आत, चहा टाकतो."

काका हलला नाही. "मी रोज म्हणायचो, येतो. तुम्ही सगळे गप्प. मला वाटायचं, थांबवताय. तुझी आई कप उचलायची, तर वाटायचं दुसरा चहा येतोय. बाबांनी पंखा बंद केला, तर म्हटलं मला गारठा बाधू नये म्हणून करतायत." तो हसला. "निघ असं कुणी म्हणालंच नव्हतं रे आजपर्यंत."

"अरे, ते गेमसाठी," बारक्या म्हणाला. "टेक बिघडलाय. पुन्हा घ्यायचाय. बस ना जरा." त्याने बॅगेचा पट्टा धरला.

"सोड पट्टा," काका म्हणाला. "मला आता निघायला हवं."