गाळ अडवायचं कापड

डोंगर कापून प्लॉट पाडलेल्या त्या साइटवर तपासणीआधी गाळ अडवायचं काळं कापड उतारावर खुंट्यांना ताणून बांधायचे. फोटो निघाला की साहेब म्हणायचे, “सोडा आता. घडी करून ठेवा.”

खालच्या वाडीतली हौसाबाई एकदा चढून वर आली. “ऱ्हाऊ द्या की ते, साहेब. चिखल आमच्या चुलीपर्यंत येतोय.”

“बघू, मावशी.”

पुढच्याच आठवड्यात पावसानं वरची मोकळी माती तिच्या घरात घुसली, भिंत पडली. दुपारी तिला बाहेर काढलं. झाकायला काही सापडेना, तेव्हा सुपरवायझरनं शेडमधलं तेच कापड आणून तिच्यावर घातलं.

पंचनाम्याचे फोटो निघाले. साहेबांनी सुपरवायझरला बाजूला घेतलं.

“हिला हलवलं की कापड धुऊन वाळत घाल. परवा दुसऱ्या साइटवर तपासणी आहे.”