खोलीची शांतता

“गेलं! बिघडलं!” तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. माइकसमोर वाचलेलं वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत सुरेख आलं होतं आणि नेमका तेव्हाच बाहेर चमचा पडला. अडगळीच्या खोलीचं दार किलकिलं करून तिने पाहिलं. लेक चमच्याकडे टक लावून उभी होती, काखेत कापडी ससा. आईचं बोट ओठांवर जायच्या आतच लेकीने आपलं बोट ओठांवर ठेवलं.

“शहाणं माझं बाळ ते,” आई हळूच म्हणाली आणि दार पुन्हा लोटून घेतलं.

अडगळीची खोली आता अडगळीची राहिली नव्हती. नवऱ्याने सुटकेसा माळ्यावर चढवल्या, भिंतींवर जाड रजया ठोकल्या, दाराच्या फटीत जुनी सतरंजी कोंबली. इस्त्रीच्या टेबलावर माइक बसवला. “आत शिरलीस की उशीत कापूस भरल्यासारखी दिसतेस,” तो हसून म्हणाला होता. पण रजया लागल्या आणि न्हाणीघरात बोलल्यासारखा घुमणारा तिचा आवाज एकदम जवळचा झाला. कुणी शेजारी बसून गोष्ट सांगतंय असा. ऐकायच्या पुस्तकांसाठी कादंबरी वाचायचं हे तिचं पहिलंच काम होतं. ऑफिस सोडून तिने ते धरलं, कारण एकच. लेक नजरेसमोर राहावी.

माइक मात्र भलताच तिखट कानाचा निघाला. त्याला फ्रिजची घरघर ऐकू येई, पंख्याची कुरकुर येई, तिच्या बांगड्या तर येतच. तिने बांगड्या काढल्या. वाचायला बसताना फ्रिज बंद, पंखा बंद, दाराची बेलसुद्धा बंद. घरातला एकेक आवाज तिने असा वेचून मिटवला. आणि एक आवाज सुरू व्हावा म्हणून मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता.

लेक तीन वर्षांची व्हायला आली होती, आणि बोलत नव्हती. आधी ‘आई’, ‘बाबा’, ‘दूदू’ असं काहीबाही यायचं, मग तेही आटलं. डॉक्टरांनी कान तपासले. कान उत्तम. “बोलेल गं,” सासूबाई फोनवर म्हणायच्या. “तुझ्या नवऱ्याने नाही का उशीर केला? आता थांबतो का तो?” ती हसायची, पण फोन ठेवला की लेकीच्या ओठांकडे बघत बसायची. आपलंच काहीतरी चुकलं, हे तिच्या मनातून जात नव्हतं. काय चुकलं ते सापडत नव्हतं. उद्या सकाळी स्पीच थेरपिस्टकडे जायचं होतं. त्या बाई काय सांगतील, या विचाराने तिला जेवण जात नव्हतं.

दुपारी कादंबरी संपली. उरली होती फक्त शांतता. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, रेकॉर्डिंगच्या संपादकाने सांगितलं होतं. मध्ये कुठे खोकला-बिकला कापला की ती भोकं बुजवायला त्याच खोलीची थोडी शांतता लागते, ठिगळाला त्याच ताग्यातलं कापड लागतं तशी. तिने ती रेकॉर्ड करायला घेतली, तर तिचंच पोट गुरगुरलं. शेवटी लेक बाहेर गादीवर झोपलीय हे बघून तिने माइक चालू ठेवला, दार नुसतं लोटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी श्वास रोखून उभी राहिली. नंतर फाइल न ऐकताच पाठवून दिली. शांतता कोण ऐकून बघतं?

संध्याकाळी संपादकाचा फोन आला.

“ताई, वाचन झकास झालंय. तेवढी शांतता परत पाठवाल का? त्यात कुणीतरी बोलतंय.”

“छे हो! घरात मी एकटीच होते. म्हणजे मी आणि मुलगी. पण ती...” पुढचं वाक्य तिला कुणापुढेच पुरं करवत नसे.

“अगदी बारीक आहे, कुजबुजल्यासारखं. ऐकून तर बघा.”

ती रजयांच्या मध्ये बसली, हेडफोन लावले, आवाज शेवटपर्यंत वाढवला. आधी काहीच नाही. मग दार सरकल्याची चाहूल. मग अनवाणी पावलं, इतकी जपून टाकलेली, की त्या घरात वाढलेल्या मुलीलाच ती जमावीत. आणि मग, माइकच्या अगदी जवळ, एक श्वास.

“बोट गेली. लांब लांब गेली. मग लात्र झाली.”

कादंबरीतली बोट होती ती. प्रत्येक वाक्यानंतर आई थांबते तेवढं थांबून, आई हेलकावा देते तिथेच हेलकावा देऊन, कुणीतरी फक्त श्वासाने वाचत होतं. मध्येच कापड घासल्याचा आवाज झाला. कुजबुज आणखी खाली उतरली.

“शू, ससोबा. नाही बोलायचं. आपण बोललं की आईचं बिघडतं.”

पुढे खोलीची शांतता होती. ती तिने शेवटपर्यंत ऐकली.

बाहेर गादीवर लेक सशाला पांघरूण घालत होती. आई दिसताच तिने ओठ घट्ट मिटले. आई तिच्याजवळ खाली बसली. मग तिने लेकीच्या कानाशी तोंड नेलं आणि लेकीच्याच भाषेत, कुजबुजत विचारलं, “रात्र झाल्यावर बोटीचं काय झालं गं?”

लेकीने आधी अडगळीच्या दाराकडे पाहिलं, मग आईकडे. मग गुडघ्यांवर उभी राहून तिने आईच्या कानाला दोन्ही हातांचा आडोसा केला आणि सांगायला लागली.

“मोठ्याने सांग ना,” आई म्हणाली. “खूप मोठ्याने सांग. आईचं काही म्हणता काही बिघडत नाही.”