बेवारस

"कुठे सापडले हे तुम्हाला?" आश्रमाच्या व्यवस्थापिकेने विचारलं.

"बसस्टॉपवर," ती म्हणाली. "सकाळपासून एकटेच बसले होते. शेवटी रिक्षात घालून आणलं."

आश्रमाच्या चाकांच्या खुर्चीत तिचे वडील भिंतीकडे बघत बसले होते. इथे पैसे पडत नसत, पण घेत फक्त बेवारसांना. लेक आहे म्हटलं की दार बंद.

ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. वडिलांची डावी बाजू लुळी पडल्यापासून घराला बाहेरून कुलूप लावून जायची. सांभाळायला बाई ठेवावी तर तिचा पगार हिच्या पगाराहून जास्त. एकदा वडील पलंगावरून पडले आणि ती परत येईपर्यंत तसेच ओल्या फरशीवर पडून राहिले. मग तिचे खाडे सुरू झाले. मुकादम म्हणाला, "बाई, मशीन रिकामं ठेवायला ही धर्मशाळा नाही."

"त्या आश्रमात सोड की," शेजारीण म्हणाली होती. वडील तेव्हा डोळे मिटून पडले होते.

"अगं, नावाने हाक मारतात ते मला. कसं सोडू?"

पुढे त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग पत्ता. एका सकाळी तिने चहा पुढे केला तर म्हणाले, "बाई, आपण कोण?" ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली. त्या दिवसापासून त्यांनी तिला एकदाही हाक मारली नव्हती.

व्यवस्थापिका वाकली. "आजोबा, या बाईंना ओळखता?"

त्यांनी तिला नीट न्याहाळलं. "नाही बुवा. भल्या दिसतात."

व्यवस्थापिका तिच्याकडे वळली.

"बरं केलंत आणलंत ते. हल्ली पोटची पोरंच टाकून जातात हो!"

"हो ना," ती म्हणाली.

निघताना तिने त्यांच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. परक्या बाईने लावावं, तितक्याच घाईने.

सेवकाने त्यांना आत नेऊन खाटेवर निजवलं आणि तो गेला. शेजारचे म्हातारे खिडकीशी बसले होते. वडिलांनी त्यांना हळूच हाक मारली.

"अहो, जरा बघता का, माझ्या लेकीने रस्ता नीट ओलांडला का? रडायला लागली की तिला समोरचं दिसत नाही."