तीट लावलेल्या बाहुल्या

सुरैयाने तपासणीसाठी खोका उघडला आणि लगेच मिटला. पण धनेशची नजर घारीची. त्याने खोका तिच्या हातून हिसकावला, आतली कापडी बाहुली बाहेर काढली आणि ट्यूबलाइटखाली धरली. बाहुलीच्या डाव्या गालावर काळा ठिपका होता.

त्याने दुसरा खोका फोडला. त्यातही ठिपका. तिसऱ्यातही तेच.

कशेळीच्या त्या गोदामात रविवार असूनही आज पोरांची जत्रा भरली होती. नाताळच्या भेटी परदेशातल्या मुलांना जाणार, त्या इथल्या मुलांनी आपल्या हातांनी भराव्यात आणि त्याचं शूटिंग व्हावं, अशी तिकडच्या साहेबांना हौस आली होती. म्हणून कामगार बायकांना पोरं घेऊन यायला सांगितलं होतं. सांगितलं कसलं, बजावलंच होतं. प्रत्येक पोराच्या डोक्यावर लाल टोपी आणि पुढ्यात वीस खोके. एका खोक्यात एक बाहुली, रंगपेटी, मोजे आणि साबण. भरताना हसायचं. स्वतःसाठी काही मागायचं नाही.

"हे टेबल कोनाचं?" धनेश ओरडला.

कोणाचं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. विनिता त्याच्या चुलत भावाची बायको. धनेश गोदामाचा सुपरवायझर; तीन वर्षांपूर्वी त्यानेच तिला पॅकिंगला लावलं होतं, आणि ते उपकार बोलून दाखवायचा एक दिवस त्याने चुकवला नव्हता.

"माझ्या करिष्माचं," विनिता म्हणाली. ती लगबगीने लेकीच्या पुढे येऊन उभी राहिली.

सात वर्षांची करिष्मा मात्र घाबरली नव्हती. तिला वाटलं, आता शाबासकी मिळणार. खोक्यांवर नंबर टाकायचा जाड मार्कर अजून तिच्या मुठीत होता.

"काका, मी सगल्यांना तीट लावली," ती म्हणाली. "एवढ्या देखन्या हायत. आन् विमानातून एकट्या जानार. कोनाची दृष्ट लागली तर?"

दोन-तीन बायका हसल्या. ते हसू धनेशला झोंबलं. त्याने थुंकी लावून अंगठ्याने बाहुलीचा गाल खसाखसा घासला. ठिपका जागचा हलला नाही.

"तीट म्हने! डाग हाय हा डाग!" त्याने बाहुली करिष्मापुढे आपटली. "तिकडं काय सांगू मी? आमच्याकडं मालाला दृष्ट लागते म्हनून?"

"छोड दो ना, धनेशभाई," सुरैया म्हणाली. "बच्ची है. तिल जैसा तो दिखता है."

"तू तुझं टेबल बघ."

डाग पडलेला माल गोदामातून अख्खा बाहेर जात नसे. गेल्या वर्षी रिजेक्ट म्हणून टाकलेली खेळणी धामणकर नाक्यावर हातगाडीवर विकायला आली, आणि तेव्हापासून नियमच झाला. रिजेक्ट वस्तू आधी कात्रीने कापायची, मग भंगारात टाकायची. ते काम बायकांच्या हातचं होतं. विनिताने मुकाट्याने कात्री उचलली.

"तू न्हाय," धनेश म्हणाला. "जिनं केलंय तिनंच कापायचं."

"भावजी, सात वर्षांची हाय ती."

"मार्कर धरता आला ना? मग कात्री पन येईल. न्हायतर उद्यापासून घरी बस. बाया हायत लाइनीत, तुझ्यासारख्या पन्नास."

शूटिंगवाल्याने कॅमेरा बंद केला आणि तो चहा प्यायला बाहेर निघून गेला. त्याला पोरांचं हसणं तेवढं हवं होतं.

विनिताला वाटलं, याचं थोबाड फोडावं. खरंच वाटलं, आणि कात्रीही हातात होती. पण घरात दुसऱ्या कोणाचा पगार येत नव्हता, आणि हे धनेशलाही तिच्याइतकंच माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तो कंबरेवर हात ठेवून निवांत उभा होता. त्याच्यापेक्षा तिला स्वतःचाच राग जास्त आला. तरी ती वाकलीच.

तिने करिष्माच्या बोटांत कात्री घातली आणि वरून आपला हात ठेवला.

"डोले मिट," ती कुजबुजली.

करिष्माने डोळे मिटले नाहीत. "आई, हिनं काय केलं?"

"काय न्हाय. गप."

दोघींच्या हातांनी मिळून पहिली बाहुली पोटातून कापली. पांढरा कापूस टेबलावर सांडला. आजूबाजूची पोरं, कोणी न सांगता, आपापल्या खोक्यांवर झाकणं बसवायला लागली. सुरैयाने तोंड फिरवलं.

दुसरी कापली. तिसरी कापली. करिष्मा आधी मोठ्याने रडली, मग नाक ओढत रडली, मग रडायची थांबली. विनिता तिच्या कानाशी काहीबाही बोलत राहिली. उद्या आपण बाजारात जाऊ, याच्याहून मोठी घेऊ, फ्रॉकवाली घेऊ, तुला पाहिजे ती घेऊ. करिष्माची नजर कात्रीवर होती.

आठवी बाहुली पुढ्यात आली, तेव्हा तिने खांदा झटकला.

"हात काढ, आई," ती म्हणाली. "येतं मला."