विरोधात कोण?

जिल्ह्याची बस क्लबच्या, म्हणजे गावच्या सभागृहाच्या, दाराशी थांबली आणि तिच्यातून अनोळखी बायका उतरू लागल्या, तेव्हाच कपितोलीना आर्खिपोव्नाला कळलं की आज काहीतरी घात होणार. बालवाडीतल्या, ग्रंथालयातल्या, दवाखान्यातल्या. सगळ्या सरकारी पगारावरच्या, जिल्ह्याने मत द्यायला आणलेल्या. खाली मान घालून त्या पुढच्या रांगांत बसल्या. मोखोवोचे लोक नेहमीसारखे मागे, शेगडीच्या उबेला.

ग्रामसभेपुढे विषय एकच होता. मोखोवोची पंचायत मोडून गाव थेट जिल्ह्याच्या कारभारात घालायचं. ह्यापुढे गावाने सरपंच निवडायचा नाही, जिल्हा धाडील तो साहेब. नदीवरचा लाकडी पूल दर वसंतात बर्फाच्या लोंढ्याबरोबर वाहून जातो आणि पंचायत तो लगोलग पुन्हा उभा करते. डॉक्टर पलीकडे, पावाची गाडीही पलीकडूनच येते. उद्यापासून त्या पुलासाठी जिल्ह्याच्या पाया पडायचं. कपितोलीना गावची सरपंच. तिने घरोघरी जाऊन विचारलं होतं. हो म्हणणारं एक माणूस सापडलं नाही. आणि बस भरून आली तरी गाव बसपेक्षा मोठंच होतं.

जिल्ह्याचे उपप्रमुख रोमान विताल्येविच बोलायला उभे राहिले. तरुण माणूस, आवाज लोण्यासारखा. पुलाचं नावही न काढता ते देशाच्या सार्वभौमत्वावर बोलत राहिले. "आपण कसं जगायचं हे बाहेरच्यांनी आपल्याला शिकवू नये," ते म्हणाले. "म्हणून सत्ता वरपासून खालपर्यंत एकसंध हवी."

"बाहेरच्यांनी शिकवू नये म्हणता," कपितोलीना बसल्या जागेवरून म्हणाली, "मग ही बस काय मोखोवोतून सुटली?"

मागे हशा पिकला. पुढच्या रांगेतली एक बाई हातमोज्याचा दोरा ओढत राहिली.

रोमान विताल्येविच चिडले नाहीत, हसले. "नव्वदच्या दशकात प्रत्येक गाव असंच आपापलं राज्य करत होतं, कपितोलीना आर्खिपोव्ना. काय दिवस होते ते, मंडळींना आठवत असतील."

झालं. खाजवून खरूज काढली.

"आठवतात तर!" प्रोखोर साव्विच उठला. सामुदायिक शेतीच्या काळात तो ट्रॅक्टरवाल्यांचा मुकादम होता. "पगाराच्या जागी रबरी बूट दिले आम्हाला. तेही सगळे डाव्या पायाचे. म्हणे लोकशाही आली, म्हणे सुधारणा."

"ती सुधारणा नव्हती, चोरी होती." हे लेव इग्नात्येविच, इतिहासाचे निवृत्त मास्तर. "आणि चोर कुठून आले रे? तुझ्याच पक्षाच्या कचेरीतून. कालचे सचिव, आजचे मालक."

"त्यांना दार कुणी उघडलं? तू. एक्याण्णव सालच्या बंडात राजधानीत लोकशाहीसाठी रणगाड्यापुढे थर्मास घेऊन उभा होतास."

"उभा तरी होतो. तू सॉसेजच्या रांगेत उभा होतास."

"पण रांगेच्या टोकाला सॉसेज होतं, मास्तर. तुझ्या लोकशाहीच्या टोकाला काय होतं?"

शेगडीभोवती बाकं सरकली. अर्धे प्रोखोरच्या बाजूने, अर्धे मास्तरांच्या. कुणी विकलेल्या गाई काढल्या, कुणी धाडसत्रात उचलून नेलेला आजा काढला. देश कुणी मोडला, कुणी विकला, कुणी नुसता बघत बसला, सगळं पुन्हा पहिल्यापासून. तीस वर्षं हेच दळण, पीठ काही पडत नाही.

"अरे, पूल!" कपितोलीना टेबलावर मूठ आपटत ओरडली. "पुलाचं बोला! नंतर भांडा काय ते!"

"थांब गं कापा, ह्याला एकदा सांगूनच टाकतो," प्रोखोर म्हणाला. गावात सगळे तिला कापाच म्हणत.

रोमान विताल्येविचनी आवाज मुळीच चढवला नाही. आईने झोपल्या लेकराजवळ बोलावं तसे ते पुढच्या रांगांशी बोलले. "बाजूने कोण?" बायकांचे हात वर गेले. "विरोधात कोण?"

गावाचेही हात वर होते. पण ते एकमेकांच्या नाकासमोर नाचत होते.

कपितोलीनाने हात वर केला. तो एकटाच होता.

"विरोधात एक," रोमान विताल्येविच अदबीने म्हणाले. "पंचायतीचा शिक्का सोमवारी जमा करा." इतिवृत्तावर त्यांनी तिची सही घेतली, तिच्याकडून शिक्का मारून घेतला आणि टोपी घातली. बायका आल्या तशा मुकाट बसमध्ये चढल्या. हातमोजेवालीने दारात तो दोरा तोडला आणि तीही चढली.

बस वळणाआड गेली तरी मागे जुंपलेलीच होती. शेवटी मास्तरांचा घसा बसला. "बरं कापा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मतदान कधी घेताहेत?"

कपितोलीनाला शिव्या द्याव्याशा वाटल्या. जिल्ह्याला नाही, ह्या दोघांना. जिल्हा लबाड आहे हे तर पोरासोरांना ठाऊक होतं. ती शिक्का आणि शाईची डबी घेऊन शेगडीपाशी आली. तिने मास्तरांचा उजवा हात धरला, उताणा केला आणि तळहातावर दाबून शिक्का मारला. मग प्रोखोरच्या हातावर. मोखोवो ग्रामपंचायत, गोल, जांभळा.

"हे काय गं?" प्रोखोर म्हणाला.

"मतदान झालं. सोमवारी हा शिक्का द्यायचाय. म्हटलं, शेवटचा कुठे मारावा." तिने डबीचं झाकण लावलं. "हा हात वर करायचा होता."

दोघं म्हातारे शेगडीसमोर तळहात उघडे धरून बसले. शाई वाळली तरी मूठ कुणी मिटली नाही.