फटके मारा, पण परत घ्या

कॉलेजातून हाकललेल्या पोराने खाली मान घालून कोपऱ्यात बसावं. वेदांग ओट्यापाशी उभा राहून थालीपिठाला भोकं किती पाडायची ते विचारत होता. विभावरीबाईंना हेच सोसवत नव्हतं. रडला असता तर त्यांनी पोटाशी धरला असता. पण याला लाज कशी ती नव्हती.

"इंग्लंडात शिकायला धाडला, तो थालीपिठं थापायला?"

"आज्जी, जस्ट शो मी ना." त्याने मोबाइल पुढे धरला. हल्ली त्या काहीही करत असल्या की हा व्हिडिओ काढायचा.

नातू सहाशे वर्षं जुन्या कॉलेजात इतिहास शिकत होता. विभावरीबाई स्वतः दुसरीतून उठलेल्या, पण आखातातल्या या अल रीम आयलंडवर असं एक मराठी घर नव्हतं जिथे त्यांनी त्या कॉलेजाचं नाव पोचवलं नव्हतं. आणि हा ऐन टर्ममध्ये बॅग घेऊन दारात उभा. म्हणाला, रस्टिकेट केलं. का, ते सांगेना.

"म्हणजे काय केलं तुझं?"

"जुनी शिक्षा आहे, आज्जी. चुकलेल्या मुलाला काही दिवस गावाला पाठवून द्यायचं."

"एकतिसाव्या मजल्यावर राहतो आपण. याला गाव म्हणतात होय रे?"

मग त्यांनी गोडीगुलाबीने घेतलं. अजून कसल्या कसल्या शिक्षा असत, म्हणून विचारलं. बोलता बोलता स्वतःचा गुन्हा ओकेल, हा हिशोब. तो खुशाल सांगत बसला. पूर्वी फाटक बंद झाल्यावर बाहेर सापडलं की दंड. जेवताना नियम मोडला तर भलामोठा पेला बिअर एका दमात संपवायची. लॅटिनची पानंच्या पानं उतरवून काढायची. आणि फार पूर्वी लहान वयाच्या पोरांना हॉलमध्ये सगळ्यांदेखत छड्या.

"छड्या झाल्या की?"

"की खलास. बॅक टु क्लास."

हे त्यांच्या डोक्यात घर करून बसलं. छड्या खाल्ल्या की वर्गात. पाठ सुजली तर हळदीचा लेप लावता येतो. बुडालेल्या शिक्षणाला कसला लेप लावायचा?

घराची तर रयाच गेली होती. त्यांचा मुलगा गुणवंत ऊन असतानाच ऑफिसातून यायचा आणि आईसमोर नुसता बसून राहायचा. सून स्मिता, आमटीतल्या गुळावरून आजवर भांडत आलेली, आता म्हणाल त्याला मान डोलवायची. पोराने सगळ्यांची नाकं कापली ती अशी. विभावरीबाईंच्या घशाखाली घास उतरेना, ब्लाउज अंगावर लोंबू लागले. डॉक्टर अ‍ॅसिडिटी म्हणतात, असं गुणवंतने सांगितलं. कसली अ‍ॅसिडिटी? नातवाचा घोर लागला होता जिवाला.

जन्मात पहिल्यांदा त्यांनी पोटच्या पोरापुढे हात जोडले. "जा रे तिकडे. पाय धर त्या लोकांचे."

"होईल नीट, आई. इन्शाल्ला," एवढंच बोलून गुणवंत बाल्कनीत गेला, तो बराच वेळ आत आला नाही.

शेवटी दुपारी त्या शेजारच्या उझमाच्या दारात उभ्या राहिल्या. विरजणाला चमचाभर दहीसुद्धा कुणाकडे मागितलं नव्हतं त्यांनी कधी. उझमा शाळेत इंग्रजी शिकवायची.

"बेटी, वेदांग के कॉलेज को फोन लगाव. बोल, उसको फटके मारो. सबके सामने मारो, तुम्हाराच पुराना रिवाज है. दादी का परमिशन है. लेकिन वापस लेव."

उझमाला हसू फुटलं. मग विभावरीबाईंचा चेहरा बघून तिने मुकाट्याने नंबर शोधला.

तिकडे वेदांगच्या शिक्षिका बोलायला आल्या. उझमाने दादीचा निरोप जसाच्या तसा सांगितला. पलीकडची बाई आधी हसली, आणि मग अगदी हळू बोलू लागली. त्यात दोनदा 'ग्रँडमदर' आलं. एवढं इंग्रजी विभावरीबाईंना कळत होतं. तेवढ्यात उझमाने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"क्या बोली?"

"आंटी, सज़ा-वज़ा कुछ नहीं है. छुट्टी उसने ख़ुद मांगी है."

"कायको?"

उझमाने फोन खाली ठेवला. ती दाराकडे बघत होती. दारात वेदांग उभा होता, हातात पाण्याचा ग्लास आणि विभावरीबाईंची गोळी.

"सुट्टी म्हटलं असतं तर तू मला राहू दिलं नसतंस, आज्जी," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याची मान खाली गेली.

विभावरीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग उझमाच्या भरल्या डोळ्यांकडे. त्यांनी गोळी घेतली, वर पाणी पिऊन पदर सारखा केला.

"उद्याच्या विमानाने परत जायचं," त्या म्हणाल्या. "आणि मी मेल्याचा फोन आला, तरी पेपर टाकून यायचं नाहीस."