तुटलेला धागा

पॅरालिसिसनंतर भिवाकाकांचा उजवा हात तीन महिने लाकडासारखा पडून होता. परळच्या सेंटरमध्ये फिजिओथेरपिस्ट वेन्डी रोज त्यांच्या कोपराखाली सेन्सरच्या दोन पट्ट्या चिकटवायची. सुई नाही, टोचणं नाही. पट्ट्यांना स्नायूची जरा जरी चाहूल लागली, की रोबोटचा हातमोजा बोटं हलवणार होता. पण पडद्यावर रोज सरळ रेघ.

आज मोजा चढवला आणि रेघ उसळली. अंगठा आणि दोन बोटं चिमटीत आली, गर्रकन फिरली, ओढ देऊन सुटली. पुन्हा तेच. इतकी सफाई वेन्डीनं धडधाकट हातातही पाहिली नव्हती.

"वा, काका! काय करताय हे?"

"गाठ मारतंय. धागो तुटलो मा, बाय." वीस वर्षं मिलमध्ये कापड विणलेले काका हसले.

तिनं कौतुकानं मोजा काढून टेबलावर ठेवला आणि पट्ट्या सोडवायला त्यांची बाही वर सारली.

हातावर काहीच नव्हतं. दोन्ही पट्ट्या ट्रेमध्ये होत्या, बंद पाकिटात. आज ती चिकटवायलाच विसरली होती.

"थांब गो बाय," काका हळूच म्हणाले, "आनी एक तुटलो."

टेबलावरच्या रिकाम्या मोज्याची बोटं चिमटीत आली.